जाते म्हणू नये

१

दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा चहा यांच्या मधल्या वेळेत हॉटेलातल्या पाहुण्यांना काय करावं ते सुचत नाही. झोपावं तर डोकं जड होतं, बाहेर पडावं तर ऊन. त्या वेळेत मी त्यांना भुतं दाखवते. छातीवर बिल्ला लावून करायचं काम आहे हे. हॉटेलच्या पत्रकात त्याला ‘इतिहासाची फेरी’ असं भारदस्त नाव आहे, त्यामुळे बाकीचा स्टाफ मला फेरीवाली म्हणतो. “काय फेरीवाली, आज ताजी भुतं आहेत की कालचीच?” असं रिसेप्शनवरची मुलगी रोज विचारते आणि रोज स्वतःच हसते.

हॉटेल खरंच जुनं आहे. रुंद लाकडी जिना, जाळीच्या दाराची लिफ्ट, प्रत्येक मजल्यावर एक लांबलचक पॅसेज आणि त्यात पावलांचा आवाज गिळून टाकणारा गालिचा. पण भूत नसलेलं जुनं हॉटेल म्हणजे नुसतंच गैरसोयीचं हॉटेल, असं आमच्या मॅनेजरसाहेबांचं मत. समोरच्या हॉटेलात न्हाणीघरात गाणारी एक बाई होती म्हणे, आणि त्यांच्याकडे खोली मिळत नसे. साहेबांनी मला बोलावलं. “तुझी जीभ चुरूचुरू चालते. बघ काहीतरी.”

आधी मी बूट वाजवणारा एक कप्तान काढला. मग जिन्यावरून पडलेली नवरी. लोक जांभया द्यायचे. एकाने तर नवरी पडत असतानाच टॉयलेट कुठे आहे ते विचारलं. त्या दिवशी आम्ही वरच्या मजल्याच्या टोकाला, जुन्या लिनन रूमच्या बंद दारापाशी उभे होतो. धुलाईचं काम बाहेर द्यायला लागल्यापासून ती खोली मोडक्या खुर्च्या ठेवायला वापरतात. माणसं हातातून निसटत होती. मी तोंड उघडलं आणि काही न ठरवता बोलू लागले.

“या खोलीत एक बाई काम करायची. फाटलेल्या चादरी रफू करायची, अभ्रे, टॉवेल घड्या करून ठेवायची. धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत पायताण नको म्हणून चपला दाराबाहेर काढायची. बोटात कायम अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालतात ते. कुठल्याही खोलीचं दार ती त्या अंगुस्तानानेच वाजवायची आणि विचारायची, येऊ का? खोली रिकामी असली तरी विचारायची. आणि निघताना रिकाम्या खोलीलाही सांगून निघायची, येते हं. जाते असं कधी म्हणाली नाही.”

जांभया थांबल्या. आणि हे सगळं खरं होतं, त्यातलं मला काहीच रचावं लागलं नव्हतं. मग एका पाहुणीने हळूच विचारलं, “त्या कशा गेल्या?”

“याच खोलीत,” मी म्हणाले. “हातात चादर होती.”

कुणीतरी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. तो आवाज मला फार आवडला, हे सांगायला आता लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

२

त्या वेळी मावशी घरी बसून माझे मोजे रफू करत होती.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते, की ‘गेली’ म्हणजे कुठे गेली हेच मला कळेना. मी दारात जाऊन बसायचे. मावशीने मला तिच्या घरी आणलं, वाढवलं, आणि एक नियम घातला. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही. चुकून तोंडातून निघालंच, तर ती हातातलं काम टाकून उंबऱ्यात यायची. “जाते म्हणू नये. येते म्हण.” मी येते म्हणेपर्यंत हलायची नाही. शाळेला उशीर झाला तरी नाही.

तिचा सगळा जन्म त्या लिनन रूममध्ये गेला. शेवटच्या दिवशीही ती “येते हं” म्हणूनच निघाली, आणि पुन्हा कुणी तिला बोलावलं नाही. मला त्याच हॉटेलात नोकरी लागली तेव्हा तिला कोण आनंद! मी मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने जाणार, पाहुण्यांशी बोलणार. माझा बिल्ला ती स्वतः पुसून द्यायची.

“बडबडे,” ती संध्याकाळी विचारायची, “आज कुठे कुठे फिरवलंस?”

“सगळीकडे.”

“आमच्या खोलीकडे नेतेस का गं?”

“तिकडे काय आहे? मोडक्या खुर्च्या.”

“तेही खरंच.” मग जरा थांबून, सुईत दोरा ओवत, “कुणी विचारतं का माझं?”

“विचारतात ना. खूप विचारतात.”

ती खूश व्हायची आणि मी ताटावर मान खाली घालून जेवायचे. एकदा म्हणाली, मला बघायचीये तुझी फेरी. मी तिच्या गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं म्हणजे लिफ्ट होती. ते तिलाही माहीत होतं.

आणि अंगुस्तान. ते मी तिच्या शिवणाच्या डब्यातून उचललं होतं. लिनन रूमपाशी आलं, की मी भिंतीला टेकून उभी राहायचे आणि पाठीमागच्या हाताने दाराच्या लाकडी फळीवर वाजवायचे, टक टक, टक. पाहुण्यांची गाळण उडायची. मग मी सगळ्यांकडून एका सुरात “या!” म्हणवून घ्यायचे आणि हसत हसत फेरी संपायची. घरी मावशी डबा उलटापालटा करायची. “माझं अंगुस्तान कुठे गेलं गं?”

“असेल इथेच कुठेतरी,” मी म्हणायचे. ते माझ्या खिशात असायचं.

३

एका दुपारी मी अजून खिशात हातही घातला नव्हता, आणि आवाज आला.

टक टक, टक.

दाराच्या आतून. पाहुणे आनंदाने चपापले. दोन बहिणी होत्या, त्या एकमेकींना बिलगल्या. मी खिसा चाचपला. अंगुस्तान जागेवर होतं.

“येऊ का?” आतून कुणीतरी विचारलं.

आत यायचं असलं की माणूस बाहेरून विचारतं. ही आत होती आणि येऊ का म्हणून विचारत होती. म्हणजे तिच्या लेखी आम्ही आत होतो, आणि ती कुठल्यातरी पॅसेजमध्ये उभी होती, जो मला दिसत नव्हता. हे माझ्या मनात तेव्हा इतकं नीट आलं नाही.

“या!” पाहुण्यांनी एका सुरात म्हटलं. मीच शिकवलं होतं ना.

दार उघडलं नाही. पण खळीचा वास आला, ताज्या इस्त्रीचा, आणि आमच्या मधून वाट काढत जावा तसा जिन्याच्या दिशेने गेला. मग टाळ्या पडल्या. एक गृहस्थ म्हणाले, “झकास जमवलंय हो तुम्ही!”

ते गेल्यावर मी किल्ली आणून दार उघडलं. मोडक्या खुर्च्या, रिकाम्या फळ्या, झरोक्यातून आलेलं ऊन. दुसरं दार नाही. मी स्वतःची समजूत घातली. नळातली हवा असेल. साहेबांनी कुठेतरी स्पीकर दडवला असेल, त्यांना असल्या गोष्टी सुचतात. आवाज बाईचा होता एवढंच, मावशीचा होता असं कशावरून?

मावशीचाच होता. ज्या आवाजाने मला रोज उठवलं, तो मला ओळखू येणार नाही?

४

खाली जाताना लिफ्टमध्ये लिफ्टकाका होते. त्यांनी मावशीबरोबर कित्येक वर्षं काम केलेलं. डोळ्यांनी अधू झालेत, पण बटणं हाताला पाठ आहेत.

“मावशींची तब्येत सुधारली म्हणायची,” ते म्हणाले.

“का हो?”

“परवा वर सोडलं की त्यांना. म्हटलं, गुडघे काय म्हणतात? तर नुसत्या हसल्या.”

“काका, मावशी घराबाहेर पडत नाही.”

“असं?” त्यांनी जाळीचं दार ओढलं. “मग दुसरं कुणी असेल. खळीचा वास आला म्हणून मला वाटलं.”

घरी आले तेव्हा मावशी पलंगाच्या कडेला बसली होती. चहा केलेला होता, प्यायलेला नव्हता, वर साय धरलेली. तिच्या पलंगावरची चादर हॉटेलात घालतात तशी कोपरे दुमडून ताठ घातली होती. त्या पलंगावर कुणी झोपत असेल असं वाटेना.

“दमले गं आज,” ती म्हणाली. “केवढं काम पडलंय तिथे. कुणी हातच लावला नाही इतक्या दिवसांत.”

“कुठे मावशी?”

ती उत्तर द्यायला विसरली. हल्ली विसरायची, डॉक्टर म्हणाले होते तसं होणार. मी डॉक्टरांचं तेच वाक्य धरून बसले. मग ती म्हणाली, “बडबडे, मला कुणीतरी विचारत होतं गं. तुम्ही कशा गेलात, म्हणून.”

मी तिच्या चहावरची साय काढायला लागले.

“मी म्हटलं, मी कुठे गेले? मी तर येते म्हणून निघाले होते.” ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, एखाद्या अवघड गोष्टीचा अर्थ माझ्याकडून नीट कळेल अशा भरवशाने. “तूच सांग. मी कशी गेले?”

तेव्हा सांगायला हवं होतं. तिच्या पायाशी बसून, मावशी, मी तुला मारून टाकलंय, लोकांनी श्वास रोखावा म्हणून, असं सरळ सांगायला हवं होतं. अंगुस्तान काढून तिच्या हातावर ठेवायला हवं होतं. ती चिडली असती, रडली असती, मग हसलीही असती बहुतेक.

“झोप आता,” मी म्हणाले. “काहीतरीच बोलतेस.”

५

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. मनाशी ठरवून गेले होते, की लिनन रूम बंद, पुन्हा कप्तान चालू.

“बरी आलीस,” साहेब म्हणाले. “चल, दाखवतो.”

पॅसेजच्या टोकाला, लिनन रूमच्या दाराशेजारी, त्यांनी एक फोटो लावला होता. स्टाफचा जुना फोटो कुठूनसा शोधून त्यातली एकच बाई कापून मोठी केलेली. काळी चौकट, खाली मंद दिवा. तरुणपणची मावशी, छातीशी चादरींची चळत धरून, फोटो काढणाऱ्यावर जरा वैतागलेली.

“कशी वाटते आपली बाई? चेहऱ्यावरच लिहिलंय बघ, ही काही धड गेली नसणार.” साहेब स्वतःवर बेहद्द खूश होते. “अशी कुणी खरंच होती का गं, की तूच पुडी सोडलीस? आता येत्या रविवारी मोठा ग्रुप आहे. आवडलं तर दर महिन्याला येतील म्हणतात.”

मी त्या फोटोकडे बघत होते. साहेब या हॉटेलात नवे, त्यांना काही माहीत नव्हतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ही माझी मावशी आहे आणि ती जिवंत आहे. एवढंच. पण मग पुढचंही आलं असतं. म्हणजे तू आम्हाला बनवलंस? स्वतःच्या मावशीला? रिसेप्शनवरची हसली असती. बिल्ला गेला असता. माझी जीभ चुरूचुरू चालते म्हणतात, ती त्या वेळी टाळ्याला चिकटली.

“छान आलाय फोटो,” मी म्हणाले.

परत जाताना मला माझ्याच पाठीची लाज वाटत होती. फोटोतली बाई त्या पाठीकडे बघत होती.

६

रविवारी निघताना मावशी म्हणाली, “मी येते आज.”

“नको गं, गर्दी आहे. गुडघे दुखतील.” मी घाईत चपला घालत होते. “चल, जाते मी.”

जिन्यापर्यंत पोचल्यावर मला कळलं, मी काय म्हणाले ते. मी थांबले. ती उंबऱ्यात येईल म्हणून वाट बघितली. दार उघडंच होतं, आतून सुईदोऱ्याचा डबा बंद केल्याचा आवाज आला. ती आली नाही. मला टोकायला ती आली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

उशीर होत होता. मी गेले.

दुपारी पॅसेज माणसांनी भरला. खिडक्यांतून स्वच्छ ऊन आत आलेलं, भुताला मुळीच न शोभणारं. साहेब मागे हाताची घडी घालून उभे. मी बोलत होते, चांगली बोलत होते. चादरी, चपला, अंगुस्तान, सगळं आलं. तेवढ्यात लिफ्टचं जाळीचं दार सरकल्याचा आवाज आला आणि मागची माणसं बाजूला होऊ लागली, म्हाताऱ्या माणसाला वाट देतात तशी, सहज.

मावशी आली होती. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. ती फोटोसमोर थांबली. काळी चौकट बघितली, खालचा दिवा बघितला. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“त्या कशा गेल्या?” पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. हा प्रश्न कुणीतरी विचारतंच.

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब बघत होते. मावशी बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तोच भरवसा होता, त्या रात्रीचा, की बडबडे सांगेल. अजून वेळ होता. मला हे नक्की माहीत होतं आणि आजही माहीत आहे, की अजून वेळ होता.

“याच खोलीत,” मी म्हणाले.

मावशीने मान हलवली. एखादं काम सांगितल्यावर “बरं” म्हणतात तशी. ती माणसांमधून पुढे आली. तिने दारापाशी चपला काढल्या, बाजूला नीट लावून ठेवल्या. मग माझ्यासमोर हात पुढे केला, तळवा वर.

मला कळलं, काय हवंय. मी खिशातून अंगुस्तान काढून तिच्या हातावर ठेवलं. तिचा हात कोमट होता, आपल्या सगळ्यांचा असतो तसा. त्यावर मी किती वेळा विचार केला आहे. तिने ते बोटात घातलं आणि दार वाजवलं.

टक टक, टक.

“येऊ का?”

नको, असं मी म्हणाले. मनात म्हणाले की तोंडाने, ते आता सांगता येत नाही, कारण त्याच क्षणी सगळे पाहुणे हसऱ्या सुरात एकदम ओरडले, “या!”

दाराला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला होती. तरीही दार उघडलं. आत मला क्षणभर मोडक्या खुर्च्या दिसल्या नाहीत. फळ्या दिसल्या, वरपर्यंत पांढऱ्या भरलेल्या, आणि कुणीतरी पाठमोरं, हातात चादर धरून, दुसरं टोक धरायला माणूस येईल म्हणून थांबलेलं. मावशीने वळून माझ्याकडे बघितलं.

“येते हं,” ती म्हणाली.

दार लागलं. टाळ्या थांबेनात.

७

मी कुलूप उघडलं तेव्हा आत खुर्च्या होत्या. घरी कुणी नव्हतं, पलंगाचे कोपरे ताठ दुमडलेले. पोलिसांनी विचारपूस केली. त्यांच्या दृष्टीने ती हरवलेली आहे. विसराळू होती, कुठेतरी निघून गेली असेल. लिफ्टकाका मात्र एकच सांगतात. वर सोडलं, खाली आणलं नाही.

चपला तिथेच होत्या. मी उचलायला गेले तर साहेब म्हणाले, राहू दे, फार छान दिसतंय. आता चपलांभोवती जाड मखमली दोरी आहे आणि लोक फोटो काढतात. ती नटी कोण होती म्हणून साहेबांनी एकदा विचारलं. मी म्हणाले, माझी मावशी. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

नोकरी सोडेन म्हणाले होते. सोडली नाही, कारण ती जिथे भेटेल अशी दुसरी जागा मला माहीत नाही. मी फेरी काढते. आता मी खोटं बोलत नाही. “त्या कशा गेल्या?” असं कुणी विचारलं, की मी सरळ सांगते, ती गेलेली नाही. ती माझी मावशी. मी तिला गेली म्हटलं तेव्हा ती जिवंत होती, घरी बसून माझे मोजे रफू करत होती. मला त्याची लाज वाटते. हे मी अगदी खरं, कधी कधी रडत सांगते. आणि लोक शहारून एकमेकांचे हात धरतात. आजवरच्या फेऱ्यांमध्ये याच्याइतकं दुसरं काहीच रंगलं नव्हतं. समोरचं हॉटेल ओस पडलंय.

सगळे चहाला खाली गेले, की मी थोडी मागे राहते. दोरीच्या अलीकडे उभी राहते. त्या पॅसेजमध्ये तेव्हा इतकी शांतता असते, की गालिच्याखालची फळीसुद्धा ऐकू येते. मग मी दाराकडे तोंड करून मुद्दामच म्हणते, “जाते मी.”

बहुतेक वेळा काही होत नाही. कधीतरी खळीचा वास येतो. दाराच्या पलीकडे हातातलं काम टाकून कुणीतरी उठतं आणि अनवाणी पावलं अगदी उंबऱ्यापर्यंत येतात.

“जाते म्हणू नये.”

तेव्हा मला येते म्हणायचं असतं. मी तोंड उघडते. पण मी येते म्हटलं, तर मला आत यावं लागेल, हेही मला माहीत आहे. मी तशीच उभी राहते, आणि ती तशीच उभी राहते, मी म्हणेपर्यंत न हलता.